दोघांच्या चालीने

स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांच्या फाट्यावर पिवळ्या पाट्या लावलेल्या असतात. पाटीवर पुढच्या ठिकाणाचं नाव, आणि नावापुढे बहुधा किलोमीटर नव्हे, तर तास आणि मिनिटं. ही वेळ सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर चालणाऱ्या धडधाकट माणसाची असते. चढ-उताराचा हिशेब त्यात धरलेला असतो, वाटेतल्या विश्रांतीचा नसतो. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या माणसाने पाटीवरचा एक तास म्हणजे आपला दीड तास समजावा, आणि मधे बाकावर टेकायचा वेळ त्यात वेगळा मिळवावा.

सहलीचं छापील वेळापत्रकही असंच कुणाच्या तरी पायांवर बेतलेलं असतं. मुलांची लग्नं झाली, नोकरी संपली, आता एकदा युरोप बघून येऊ, असं ठरवणाऱ्या जोडप्यांनी पैसे भरण्याआधी ते पाय कुणाचे आहेत हे पाहायला हवं. दोघं जरी एका वयाची असली तरी दोघांची चाल एक नसते. एकाचा गुडघा गेलेला असतो, दुसऱ्याला चढावर धाप लागते, कुणाला दर दोन तासांनी बाथरूमला जावं लागतं. दोघांतला जो हळू चालतो, त्याची चाल हीच त्या सहलीची चाल, हे घरी बसून ठरलं तर पुढचं सगळं सोपं जातं. ते ठरलेलं नसलं की परदेशातल्या स्टेशनांवर आपली भाषा ऐकू येते ती अशी: "अहो, जरा हळू चाला ना." "तू ये गं सावकाश, मी पुढे होऊन फलाट बघतो." तिने मागे एकटीने यायचं, त्याने पुढे एकट्याने उभं राहायचं, आणि दोघांनीही धास्तावायचं.

म्होरक्याच्या मागून स्वित्झर्लंड पाहण्याची पद्धत जुनी आहे. थॉमस कुक यांनी १८६३च्या उन्हाळ्यात इंग्लंडहून पहिली मंडळी आल्प्समध्ये नेली. त्यांतल्या जेमायमा मॉरेल या तरुणीने लिहिलेली रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली. पहाटे उठून, पायी आणि खेचरांवर बसून त्या मंडळींनी घाट ओलांडले. मराठी माणसासाठी ही वाट सोपी केली ती आपल्या सहल कंपन्यांनी. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये आपली कंपनी काढली, मग आणखीही अनेक आल्या. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, रात्री भारतीय जेवण, कागदपत्रांची काळजी दुसऱ्या कुणावर, या गोष्टींमुळे जिल्ह्याच्या गावातली, इंग्रजीची भीती वाटणारी हजारो जोडपी परदेश पाहून आली. हे काम मोठं आहे, आणि एकट्याने जायची हिंमत नसेल तर गटासोबत जाणंच चांगलं.

अडचण आहे ती थोड्या दिवसांत खूप देश बसवण्याची. युरोपात बसच्या चालकाने साडेचार तास गाडी चालवली की त्याला ४५ मिनिटांची विश्रांती द्यावी लागते, तसा कायदाच आहे. प्रवाशासाठी असा कायदा नाही. सकाळी सातला न्याहारी, आठला बस, बॅगा रात्रीच दाराबाहेर, असं रोज चाललं की चौथ्या-पाचव्या दिवशी म्हाताऱ्या शरीरात थकवा साठतो. आणखी एक गोष्ट बायका कुणाला सांगत नाहीत. बस कधी थांबेल याची खात्री नसल्यामुळे त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळतात. कोरडं पडलेलं शरीर, टाळलेली गोळी आणि तासन्‌तास लोंबकळणारे पाय हे तिन्ही एकत्र आले की दुखणं दूर राहत नाही. गटाबरोबर जात असाल तर थांबे कुठे आणि किती वेळाने आहेत, हे आधी विचारा. नवऱ्याने विचारावं, बायकोसाठी विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुटी नाणी मात्र जवळ हवीत, कारण पुष्कळ ठिकाणी स्वच्छतागृहात पैसे भरूनच जावं लागतं.

माझं स्पष्ट मत असं, की पासष्टीच्या पुढच्या जोडप्याने एकाच ठिकाणी पाच-सहा रात्री राहावं आणि तिथूनच रोज थोडं फिरावं. स्वित्झर्लंड त्यासाठी फार सोयीचं आहे. थुन आणि ब्रिएन्झ या दोन तळ्यांच्या मधे वसलेलं इंटरलाकेन घ्या. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनाला लागूनच बोटीचा धक्का आहे. तिथून ब्रिएन्झपर्यंतचा सव्वा तासाचा प्रवास बसून होतो, पाय मोकळे करावेसे वाटले तर डेकवर फिरता येतं, आणि परत यायला आगगाडी आहे. स्विस ट्रॅव्हल पास घेतला तर देशभरातल्या बहुतेक गाड्या, बस आणि बोटी त्यात येतात, तिकिटाच्या खिडकीशी उभं राहावं लागत नाही. एखादा दिवस पाऊस लागला किंवा अंगच उठेना, तर त्या दिवशी कुठेही न जाण्याची मोकळीक एका ठिकाणी राहणाऱ्यालाच मिळते.

हॉटेल ठरवताना लिफ्ट आहे का, हे सगळे विचारतात. न्हाणीघराचं विचारायला विसरतात. तिकडे पुष्कळ ठिकाणी टबमध्ये उभं राहून आंघोळ करावी लागते. टबाच्या उंच कडेवरून ओला पाय बाहेर टाकणं ही सत्तरीत धोक्याची गोष्ट आहे. सपाट जमिनीचा शॉवर असलेली खोली आधी मागून घ्या.

आता उंचीबद्दल, कारण आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक सहलीत युंगफ्राउयोख असतंच. १९१२ मध्ये सुरू झालेली तिथली आगगाडी आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून खोदलेल्या बोगद्यातून ३,४५४ मीटरवर पोचते. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंची ही. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्स्प्रेस हा केबलचा पाळणा पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरपर्यंत नेतो, त्यामुळे प्रवास बराच आटोपशीर झाला. पण शरीराच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ असा, की इंटरलाकेनच्या साधारण ५७० मीटरवरून माणूस दीडेक तासात जवळजवळ २,९०० मीटर वर जातो. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो. हृदय जास्त वेगाने काम करून ती तूट भरून काढतं. तरुण माणसाला थोडी धाप लागते, डोकं हलकं होतं, इतकंच. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, छातीत दुखत असलेल्या, रक्तदाब आटोक्यात नसलेल्या किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसाने मात्र डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय तिथे जाऊ नये. जाणाऱ्यांनी वर पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं बसावं, पाणी प्यावं आणि जिन्यापेक्षा लिफ्ट धरावी. चक्कर येत असेल, दम जास्त लागत असेल तर फोटो राहू द्यावेत आणि मिळेल त्या पहिल्या गाडीने खाली यावं. खाली उतरणं हाच त्यावरचा खरा उपाय.

ज्यांना इतकं वर जाणं शक्य नाही त्यांनी काही गमावलं, असं मला मुळीच वाटत नाही. लाउटरब्रुनेनच्या दरीच्या वर कड्यावर म्यूरेन नावाचं, मोटारी नसलेलं गाव आहे. उंची १,६३८ मीटर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकीच. लाउटरब्रुनेनहून पाळणा आणि मग छोटी आगगाडी, इतक्यात तिथे पोचता येतं. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं तिथे समोर उभी असतात. किंवा विल्डर्सविलहून शिनिगे प्लाटेला जाणारी १८९३ सालची दातेरी रुळांची गाडी घ्या. ती उन्हाळ्याच्या हंगामातच चालते, चढायला पन्नासेक मिनिटं घेते, आणि तेवढ्या वेळात खाली दोन्ही तळी उलगडत जातात. बर्फात उभं राहिल्याचा फोटो तेवढा मिळत नाही.

प्रवासाचा सगळ्यात कठीण भाग बहुधा विमानतळावर असतो. मुंबई-झुरिच सरळ विमानाला नऊ तासांच्या आसपास लागतात. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलं होतं. एरवी तो धोका फार लहान असतो, पण वय, स्थूलपणा, नुकती झालेली शस्त्रक्रिया यांनी वाढतो. तासातासाने उठून चालावं, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी प्यावं. ज्यांना धोका जास्त त्यांनी दाबमोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं.

आणि व्हीलचेअर मागताना कमीपणा वाटून घेऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याने दोन व्हीलचेअर सांगितल्या होत्या, मिळाली एकच. पत्नीला खुर्चीत बसवलं आणि ८० वर्षांचे पती शेजारून चालत निघाले. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं, असं विमान कंपनीचं म्हणणं होतं. इमिग्रेशनपाशी ते कोसळले आणि गेले. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. ही बातमी मी विसरू शकत नाही. तिच्यासोबत चालावं असं त्यांना वाटणं किती साहजिक होतं! तरीही, किंबहुना म्हणूनच, सांगते: दोघांसाठी दोन खुर्च्या तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी पुन्हा खात्री करा, आणि दुसरी खुर्ची येईपर्यंत दोघंही बसून राहा. विमानतळावर घाई इतरांना असते, तुम्हाला नाही.

औषधांपैकी एकही गोळी मोठ्या बॅगेत टाकू नये. इन्सुलिन तर नाहीच, सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावं, कारण आपल्याकडची कंपन्यांची नावं तिकडचा औषधविक्रेता ओळखत नाही. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या, हे निघण्यापूर्वीच कागदावर उतरवून घ्यावं. रोजच्यापेक्षा चालणं जास्त आणि जेवण उशिरा, अशा दिवशी मधुमेह्याची साखर खाली जाते. पर्समध्ये आणि खिशात, दोन्हीकडे ग्लुकोज ठेवा. चिवडा, बाकरवडी, राजगिऱ्याची वडी न्या. पेढे, तूप, खव्याची मिठाई नेऊ नका, आपल्याकडचे दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ही व्हिसाची अट झाली, तुमच्या गरजेचा अंदाज नव्हे. स्वित्झर्लंडमधले रुग्णालयाचे दर पाहता त्याहून मोठी रक्कम घ्यावी. अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी सगळं खरं लिहावं. हप्ता वाढेल म्हणून आजार लपवला आणि नेमका तोच उफाळला, तर पैसे मिळण्याची आशा सोडावी लागते. घरचा मेडिक्लेम बहुतेक वेळा देशाबाहेर चालत नाही.

पण सगळ्यात जास्त तळमळीने जे सांगायचं आहे, ते विम्याच्या कागदाबद्दल नाही, तो कागद कुणाजवळ आहे याबद्दल आहे. आपल्या घरांत चाळीस-चाळीस वर्षं कामाची वाटणी ठरून गेलेली असते. पासपोर्ट, पैसे, तिकिटं त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये. गोळ्या, चष्मे, खाऊ तिच्या पर्समध्ये. त्याला स्वतःच्या गोळ्यांची नावं माहीत नसतात. तिला हॉटेलचं नाव, फोनचा पिन, विमा कंपनीचा नंबर माहीत नसतो. घरी हे चालून जातं, कारण शेजारी असतात, मुलं असतात. परक्या गावात रात्री एकाच्या छातीत कळ आली, तर दुसऱ्याला सगळंच एकट्याने करावं लागतं. तेव्हा निघण्यापूर्वीच्या महिन्यात एकमेकांचं काम शिकून घ्या. पैसे काढायचं कार्ड दोघांकडे वेगळं, दोघांच्या फोनवर तिकडे चालणारं सिम, पासपोर्टची आणि विम्याची प्रत दोघांजवळ, हॉटेलचा पत्ता दोघांच्याही खिशात. तिने एक दिवस गाडीचं वेळापत्रक बघून दोघांना फिरवून आणावं, त्याने एक आठवडा दोघांच्या गोळ्या डबीत भराव्यात. युरोपभर चालणारा मदतीचा नंबर ११२, स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १४४, डोंगरातल्या हेलिकॉप्टरसाठी १४१४. हे तीन आकडे दोघांना पाठ हवेत.

इतकं जमलं की एक गोष्ट करता येते, जी आपल्या जोडप्यांना सहसा सुचत नाही. त्याला युंगफ्राउयोख पाहायचंच आहे आणि तिला डॉक्टरांनी नको सांगितलंय, किंवा उलट, तर दोघांनी मन मारायचं कारण नाही. एकाने सकाळच्या गाडीने वर जावं, दुसऱ्याने ब्रिएन्झच्या बोटीत बसावं. परतीची गाडी कुठली, भेटायचं कुठे, फोन लागला नाही तर किती वाजेपर्यंत वाट पाहायची, हे न्याहारीच्या टेबलावर ठरवून कागदावर लिहावं आणि कागद दोघांनी जवळ ठेवावा. भेटायची जागा इंटरलाकेन ओस्टच्या स्टेशनात ठरवली तर उत्तम, कारण गाड्या आणि बोटी दोन्ही तिथेच येतात.