ठशांची पारख

बालरोगतज्ज्ञाला जुळ्यांतील भेद ओळखण्याची सवय असते. जुन्या अमेरिकन अर्ध्या डॉलरांचा माझा छंद त्याच जातीचा. १७९२ मध्ये स्थापन झालेल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत प्रारंभी तारे व सनाचे अंक पोलादी ठशावर एकेक करून हाताने ठोकले जात. साहजिकच एकाच सालचे दोन ठसे तंतोतंत जुळत नसत. भिंगाखाली अंकांतील अंतर, ताऱ्यांची टोके न्याहाळावीत. ठशाला गेलेला तडा वाढत जातो. क्रमाने काढलेल्या क्ष-किरण चित्रांप्रमाणे त्यावरून नाण्यांचा क्रम लागतो. १८१७ च्या एका ठशात ७ खाली जुना ४ डोकावतो. अशी नाणी डझनभराच्या आसपासच ज्ञात आहेत. ऑव्हर्टन यांच्या १९६७ च्या ग्रंथातील क्रमांक आजही प्रचारात आहेत.

दुर्मिळतेची आठ पायऱ्यांची मोजपट्टी मात्र आपल्याच व्यवसायबंधूची, शरीरयष्टीचे तीन प्रकार सांगणाऱ्या डॉ. विल्यम शेल्डन यांची. सातवी पायरी म्हणजे ४ ते १२ नाणी. परंतु दुर्मिळतेएवढेच वजन झिजेला व मागणीला आहे; चकाकीसाठी घासलेले नाणे तर मी हातीही धरीत नाही.

याच शेल्डन यांनी एका संस्थेच्या संग्रहातील उत्तम तांब्याची नाणी काढून तेथे हलकी ठेवली होती. १९७७ मध्ये ते वारले. त्यानंतर ही अदलाबदल उघडकीस आली.