बी रुजताना पेशीत काय घडतं? ‘स्नोआरएनए’ची गोष्ट

जालन्याची ओळख बियाण्यांमुळे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे ‘महिको’ सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण शेतकऱ्याचा जूनमधला प्रश्न आजही तोच आहे: पेरलेलं बी उगवेल का?

बी फुगल्यावर काय होतं?
वाढीसाठी प्रथिनं लागतात आणि ती रायबोसोम बनवतात. सुरुवातीला बियात साठवलेल्या रायबोसोमवर भागतं. मोड आणि मूळ वाढायला मात्र नवे रायबोसोम लागतात.

रायबोसोम कसा तयार होतो?
त्याचा गाभा म्हणजे रायबोसोमल आरएनए. पेशी आधी एक लांबलचक कच्चा धागा बनवते. वनस्पतींमध्ये त्यातून १८एस, ५.८एस आणि २५एस असे तीन कामाचे तुकडे निघतात. बाकीचा भाग कापून टाकावा लागतो.

मग स्नोआरएनए काय करतो?
हा केंद्रिकेत, म्हणजे पेशीकेंद्रकातल्या दाट ठिपक्यात, काम करणारा छोटा आरएनए. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. ‘यू३’ नावाचा स्नोआरएनए कच्च्या धाग्याला ठरावीक जागी चिकटतो आणि १८एस तुकडा नीट सुटा व्हायला मदत करतो. तो स्वतः कात्री चालवत नाही. कापण्याचं काम प्रथिनं करतात. इतर बरेच स्नोआरएनए धाग्यावर कुठे रासायनिक खूण करायची ते दाखवतात. माणसाच्या रायबोसोमवर अशा २०० हून अधिक खुणा असतात.

हा बिघडला तर?
माणसात ‘यू८’ या स्नोआरएनएच्या जनुकातल्या दोषांमुळे मेंदूचा एक दुर्मीळ आजार होतो, हे २०१६ मध्ये समोर आलं. या जनुकातून प्रथिन बनत नसल्यामुळे, फक्त प्रथिनांचीच जनुकं तपासणाऱ्या चाचणीतून असा दोष निसटू शकतो. म्हणूनच ‘प्रथिन बनवत नाही म्हणजे निरुपयोगी’ हा समज महागात पडतो.

शेतकऱ्याने काय करावं?
स्नोआरएनए घरी तपासता येत नाही, पण उगवण तपासता येते. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवा, ओल टिकवा आणि आठवडाभराने चांगले कोंब मोजा. ७० किंवा जास्त निघाले तर बियाणं पेरणीयोग्य. कमी निघाले, तर नेमकं काय बिघडलं ते या चाचणीतून कळणार नाही. पण ते पेरणीआधी कळलेलं असेल, आणि दुबार पेरणीचा खर्च वाचेल.