चिठ्ठीत नाव निघालेला पालक

शाळेने बोलावले की पालकाच्या पोटात गोळा येतो, ही महाराष्ट्रातली जुनी गोष्ट. १९९०च्या दशकात पालक-शिक्षक संघ नव्हते असे नाही. १९९६ मध्ये त्याबद्दल शासन निर्णयही निघाला. पण संघाच्या वाट्याला यायची ती स्नेहसंमेलनाची धावपळ आणि सहलीची बस. कार्यकारिणीत असत मुख्याध्यापकांच्या ओळखीचे, वेळ असलेले आणि शक्यतो मान डोलावणारे पालक.

शिक्षण हक्क कायद्याने चित्र पालटले, तेही आधी जिल्हा परिषदेच्या शाळांत. १ एप्रिल २०१० पासून शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधला आणि मुख्याध्यापक सचिव. अनुदान कुठे गेले, गुरुजी वेळेवर येतात का, हे विचारायचा हक्क शेतमजूर बाईला मिळाला. पोषण आहाराची खिचडी चाखून वहीत शेरा लिहिणारी आई आपल्या मुलाच्या ताटाबद्दल बोलते, तेव्हा तिला भाषण शिकवावे लागत नाही. सगळीकडे असे घडले, असे मात्र नाही. कित्येक ठरावांवरच्या सह्या घरपोच झाल्या.

खासगी शाळांत ठिणगी पडली ती फीवरून. २०११च्या शुल्क विनियमन कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळेपर्यंत २०१४ उजाडले. त्याने फीवाढीचा प्रस्ताव थेट संघाच्या कार्यकारिणीपुढे आणला आणि सदस्य निवडायचे ठरले चिठ्ठ्या टाकून. जूनमध्ये शाळेच्या हॉलमध्ये डबा हलवला जातो, आतून एखाद्या पाचवीतल्या मुलाच्या वडिलांचे नाव निघते आणि काही महिन्यांत त्यांच्यासमोर शाळेचा जमाखर्च येतो. ओळखीपाळखीची मक्तेदारी मोडायला याहून सोपा उपाय नव्हता. अर्थात ताळेबंद वाचता येणारा पालक चिठ्ठीत निघेलच याची हमी कोण देणार? शिवाय इथे अध्यक्षपद मुख्याध्यापकांकडेच राहिले. सरकारी शाळेतल्या पालकावर कायद्याने जास्त भरवसा टाकला, हे गमतीचेच.

कोरोनाच्या काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाने फीत १५ टक्के कपातीचा आदेश काढला. त्याच सुमारास पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप संघापेक्षा जास्त बोलके झाले. शुल्क कायद्यातल्या त्याआधीच्या दुरुस्तीने फीवाढीविरुद्ध विभागीय शुल्क समितीकडे दाद मागायला किमान २५ टक्के पालकांची अट घातली होती. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत साधारण अडीचशे सह्या. ग्रुपवर अंगठे भराभर उठतात. कागदावर मुलाचे नाव आणि तुकडी लिहायची वेळ आली की बरेच जण ‘उद्या बघू’ म्हणतात.