वास पोचण्याआधीच बदलतो!

मित्रांनो, लाळेचा प्रयोग तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या प्रयोगशाळेत केला असेल. दोन परीक्षानळ्यांत भाताची पातळ पेज घ्यायची. एकीत ताजी लाळ मिसळायची, दुसरीत उकळून थंड केलेली. थोड्या वेळाने दोन्हींत आयोडीनचा एकेक थेंब टाकायचा. उकळलेल्या लाळेच्या नळीत निळाकाळा रंग येतो. ताज्या लाळेच्या नळीत तो येत नाही, कारण तिथल्या स्टार्चची साखर झालेली असते. हे काम लाळेतील अमायलेज या विकराचे. विकर म्हणजेच एन्झाइम. रासायनिक क्रियेचा वेग प्रचंड वाढवणारे ते एक प्रथिन असते. उकळले की त्याची रचना मोडते आणि त्याचे काम थांबते.

हा प्रयोग लक्षात ठेवा. आज आपल्याला तोंडापासून थोडे वर, नाकात जायचे आहे. तिथे हाच प्रयोग आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

केळे सोलले की त्याचा वास येतो म्हणजे नेमके काय होते? केळ्यातून काही पदार्थांचे रेणू हवेत उडतात आणि श्वासाबरोबर नाकात शिरतात. नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या भागात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या टोकांवर विशिष्ट प्रथिने बसवलेली असतात. त्यांना आपण 'ग्राही' म्हणू. कुलपात किल्ली बसावी तसे ठरावीक रेणू ठरावीक ग्राहींत बसतात आणि मेंदूकडे विजेचा संदेश जातो. या ग्राहींची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढली. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत. कोणते ग्राही किती जागे झाले यावरून मेंदू वास ओळखतो.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. या पेशी कोरड्या नसतात. त्यांच्यावर चिकट द्रवाचा एक थर असतो. नाक मुरडू नका, हा आपला शेंबूडच! त्याला शास्त्रीय भाषेत श्लेष्म म्हणतात. वासाच्या रेणूला ग्राहीपर्यंत जायचे तर आधी या थरात विरघळून तो पार करावा लागतो. आणि या थरात, तसेच त्याखालच्या पेशींत, विकरे असतात.

ती तिथे कशाला? नाक सतत बाहेरची हवा आत घेते. तिच्याबरोबर धूर, रंगातील द्रावके आणि इतर नको असलेले पदार्थ येतात. वासाच्या पेशींचे तंतू तर थेट मेंदूत गेलेले असतात. म्हणजे इथे पहारा हवाच. आपल्या यकृतात घातक पदार्थांची विल्हेवाट लावणारी जी विकरे आहेत, त्यांचीच भावंडे नाकातही सापडतात. काही विकरे रेणू तोडतात, काही त्यात ऑक्सिजन घालतात. काही त्याला साखरेपासून बनलेल्या एका आम्लाचा रेणू जोडतात. मग तो पाण्यात सहज विरघळतो आणि वाहून जातो.

आता मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून एक शंका विचारतो. चमचाभर गरम पाण्यात थंड, जाड तापमापी बुडवली तर ती बरोबर तापमान दाखवील का? नाही. ती स्वतःच पाण्यातील थोडी उष्णता घेते आणि पाणी निवते. मोजणारे साधनच मोजायच्या वस्तूला बदलते. नाकाचेही असेच होत असेल का? ग्राहीपर्यंत पोचण्यापूर्वीच विकरांनी रेणू बदलला, तर आपण हुंगतो एक आणि ओळखतो दुसरेच, असे तर नाही?

जपानमधील टोकियो विद्यापीठात आयुमी नागाशिमा आणि काझुशिगे तोउहारा यांनी उंदरांवर हाच शोध घेतला. त्यांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. उंदराच्या नाकातील श्लेष्मात त्यांनी निरनिराळे वासाचे पदार्थ मिसळले. ॲल्डिहाइड आणि ॲसिटेट या दोन गटांतले पदार्थ बदलले. त्यांच्यापासून आम्ले आणि अल्कोहोले तयार झाली. कडू बदामाचा वास देणारे बेंझाल्डिहाइड यांपैकी पहिल्या गटातले. केळ्याच्या इसेन्समधील आयसोअमाइल ॲसिटेट दुसऱ्या गटातले. आणि श्लेष्म तापवले तर? तुम्ही उत्तर ओळखलेच असेल. क्रिया बंद! तुमच्या लाळेच्या नळीसारखीच.

पण नळीत घडते ते जिवंत नाकात घडते असे लगेच म्हणता येत नाही. श्वास क्षणात आत येतो. तेवढ्यात विकरांना वेळ तरी मिळतो का? म्हणून पुढचा प्रयोग झाला. विकराचे काम रोखणारे रसायन उंदरांच्या नाकात सोडले आणि मेंदूच्या पुढच्या टोकाला असलेल्या गंधकंदाकडे पाहिले. ग्राहींचे संदेश प्रथम तिथेच पोचतात. वास तोच, पण गंधकंदात जागे होणारे ठिपके वेगळे दिसले. ज्या उंदरांना एक वास ओळखायला शिकवले होते, त्यांना विकर रोखल्यावर तोच वास ओळखता येईना. म्हणजे त्यांच्या ओळखीचा 'वास' हा मूळ पदार्थ आणि विकराने त्यातून बनवलेले पदार्थ यांचे मिश्रण होता.

विकरांचे आणखी एक काम आहे ते पाटी पुसण्याचे. उत्तर अमेरिकेत पॉलिफेमस नावाचा मोठा पतंग आढळतो. त्याची मादी एक गंध सोडते. तोही एक ॲसिटेटच. नर आपल्या पिसासारख्या शृंगिकांनी तो टिपतो आणि अंधारात तिच्या दिशेने उडतो. वाऱ्यावर हा गंध सलग येत नाही, तुटक झुळुकांनी येतो. मागच्या झुळुकीचे रेणू शृंगिकेतच रेंगाळले, तर पुढची झुळूक आली की नाही हे नराला कळणार कसे? तो वाट चुकेल आणि त्याची वंशवेलच खुंटेल. रिचर्ड व्होग्ट आणि लिन रिडिफर्ड यांनी १९८१ साली या शृंगिकांत तो गंध तोडणारे विकर असल्याचे दाखवले. १९८५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह केलेल्या हिशोबानुसार, या विकरामुळे निम्मा गंध अवघ्या १५ मिलिसेकंदांत नष्ट होतो. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो!

इथे एक गैरसमज टाळा. देवघरात उदबत्ती लावली की काही मिनिटांनी आपल्याला तिचा वास जाणवेनासा होतो. ही मुख्यतः विकरांची करामत नव्हे. उदबत्तीचे रेणू तर सारखे येतच असतात. वासाच्या पेशी आणि मेंदू त्यांना सरावतात, म्हणून असे होते.

हे सारे आपल्या आयुष्याशी किती जवळचे आहे ते २०२० पासूनच्या कोविडच्या साथीत दिसले. असंख्य लोकांचा वास गेला. जेवण बेचव झाले, दूध करपल्याचे कळेना, गॅस गळत असला तरी समजेना अशी भीती वाटू लागली. कोविड झालेल्या सुमारे ७० हजार लोकांच्या जनुकांची तुलना करणारा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. वास किंवा चव गेलेल्यांत एका विशिष्ट ठिकाणचा जनुकीय फरक अधिक प्रमाणात आढळला. त्या ठिकाणी 'यूजीटी२ए१' आणि 'यूजीटी२ए२' ही जनुके आहेत. वासाच्या रेणूला साखरेचे आम्ल जोडणारी जी विकरे आपण वर पाहिली, ती बनवण्याची कृती याच जनुकांत असते. अर्थात, दोन गोष्टींचा संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे होत नाही. परंतु कुठे शोधायचे याची दिशा मात्र मिळाली.

तेव्हा मित्रांनो, नाक हे नुसते उघडे दार नाही. ती एक छोटी रसायनशाळाच आहे. पुढच्या वेळी केळे सोलाल तेव्हा क्षणभर थांबा आणि हुंगा. त्या एका श्वासात तुमच्या नाकात तोच प्रयोग चालू असेल, जो तुम्ही परीक्षानळीत केला होता. फरक इतकाच, की इथे आयोडीनच्या जागी तुमचा मेंदू आहे!