हंगामाचा अंदाज आणि हॉटेलाचं वीजबिल

पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पुणे-नगर महामार्ग सुप्यावरून जातो, कल्याण-नगर रस्ता टाकळी ढोकेश्वर आणि भाळवणीवरून, आणि या दोन्ही रस्त्यांवरच्या हॉटेलांची आणि धाब्यांची चूल वाहतुकीवर पेटते. हवामान विभाग फेब्रुवारीअखेर उन्हाळ्याचा आणि एप्रिलच्या मध्यावर पावसाळ्याचा अंदाज देतो. आपल्याकडे तो शेतकऱ्याचा विषय मानला जातो. माझ्या मते तो हॉटेलवाल्यानेही वाचावा. मात्र उद्याचं गिऱ्हाईक मोजण्यासाठी नव्हे, तर ज्या कामांना महिना-दोन महिने आधी हात घालावा लागतो त्यांच्यासाठी.

उन्हाळ्याच्या अंदाजात दिवसाच्या कमाल तापमानाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. हॉटेलाच्या दृष्टीने रात्रीचं किमान तापमान तितकंच महत्त्वाचं. फ्रीज आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो. ती हवाच तापलेली असली की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, आणि रात्रही उकाड्याची गेली तर त्याला उसंत मिळत नाही. त्यात डीप फ्रीझर भिंतीला चिकटवून ठेवलेला, शेजारी भट्टी, कॉइलवर पीठ आणि तेलकट धुळीचा थर, दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं. या स्थितीत बिल वाढतं त्याचं खापर दरवेळी वीजदरावर फोडून चालणार नाही. उन्हाळा कडक जाण्याची शक्यता मार्चच्या सुरुवातीला कळली, तर कॉइल साफ करणं, रबर बदलणं, फ्रीझर भट्टीपासून हलवणं हे सगळं तेव्हाच उरकता येतं; मे महिन्यात मेकॅनिक हाताला लागणं मुश्कील. एसी असेल तर तापमान एक अंशाने वर ठेवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. पाण्याचंही वीजबिलाशी नातं आहे: बोअरची पातळी खाली गेली की तेवढंच पाणी उपसायला मोटर अधिक वेळ चालते, आणि बोअर आटला की टँकर.

अंदाज चुकतात, हा आक्षेप खरा आहे. 2025 मध्ये एप्रिल ते जून उष्णतेच्या लाटा जास्त राहण्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या वर्षीचा मे देशभरात 1901 पासूनचा सर्वाधिक पावसाचा ठरला आणि 26 मे रोजीच मान्सून मुंबईत पोहोचला. उन्हाच्या भरवशावर कर्ज काढून दुसरा फ्रीझर घेतला असता तर तो अंगाशी आला असता. पण साफ केलेली कॉइल पावसातही वीज वाचवतेच. म्हणून अंदाज चुकला तर काय गमवावं लागेल, हे आधी पाहावं आणि मगच पैसा घालावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: देशाची टक्केवारी पारनेरला काय सांगणार? 2023 चा पाऊस देशात सरासरीच्या 94 टक्के झाला, म्हणजे आकडा फारसा वाईट नाही. पण त्यातला ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वात कोरडा होता. शिवाय निघोजच्या बाजूला कुकडीच्या कालव्याचं पाणी येतं, ते जुन्नरच्या घाटमाथ्यावरच्या पावसाचं. तालुक्याच्या अनेक भागांना तो आधार नाही. त्यामुळे हंगामाच्या अंदाजाला दर आठवड्याच्या अंदाजाची आणि धरणसाठ्याच्या आकड्यांची जोड हवीच. हे सगळं गल्ल्यावर बसलेल्या माणसाने एकट्याने जुळवावं, ही अपेक्षा अवाजवी आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांना हवामानावर आधारित सल्ला मिळतो. त्याच माहितीतून हॉटेलवाल्यांसाठी दर महिन्याला चार ओळी वेगळ्या काढायला हव्यात: रात्री किती तापतील, पाणी कधी ओढीचं होईल, आणि दुरुस्ती कधी उरकावी.