बालकाच्या रक्तातील लोहाची शिल्लक

मातेकडून लाभलेला लोहाचा साठा बाळाला सुमारे सहा महिने पुरतो. नंतर केवळ दुधावर ठेवल्यास ही शिल्लक नकळत घटते. टोरांटो येथील २००७ च्या अभ्यासात, पक्षाघात झालेल्या, एरवी निरोगी असलेल्या बालकांत लोहन्यूनतेचा रक्तक्षय असण्याची शक्यता इतरांहून दहापट आढळली. असा पक्षाघात विरळाच. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती.

चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असली तरी मूग, हरभरा, राजगिरा आहेतच. त्यांवर लिंबू पिळावे, दूध जेवणासोबत देऊ नये. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमहून कमी भरल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हातपाय अचानक लुळे पडल्यास मात्र क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. गिरगाव-लालबागकरांना परळचे वाडिया बालरुग्णालय जवळच आहे. पेढीचा ताळेबंद आपण चुकवत नाही. हाही चुकवू नये.