चाड्यावरची मूठ

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, औजारं धुऊनपुसून पुजायचा दिवस. पूर्वी शेतकऱ्याच्या ओट्यावर तिफण, वखर, कोळपं, विळे ओळीने मांडलेले असत. घरोघरचं वार्षिक प्रदर्शनच ते! आता छत्रपती संभाजीनगरच्या गावागावांत हळदीकुंकू ट्रॅक्टरला, आणि तिफणीचं लाकूड बंबात.

तिफणीला तीन फण. वर लाकडी चाडं, त्यातून खाली तीन पोकळ नळे. चाड्यावर मूठ धरायला बहुतेकदा घरचीच बाई. बैल चालत राहायचे आणि तिच्या बोटांतून रब्बीची ज्वारी अशी सुटायची, की तिन्ही तासांत दाणे सारखे पडावेत. मूठ चुकली, की पीक कुठे दाट, कुठे विरळ. हे कसब कुठल्या सातबाऱ्यावर लिहिलेलं नाही!

पुण्यात दिनकर केळकरांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने अडकित्ते, दिवे, भांडी अशा साध्या वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सरकारला दिल्या. लहानपणीच गेलेल्या लेकाच्या, राजाच्या नावाने ते संग्रहालय उभं आहे.

आपल्याला ओटा पुरे. यंदा माळ्यावरची तिफण खाली काढा, शेजारी आजीला बसवा. तिफण पुढेही टिकेल. मूठ कशी धरायची, ते मात्र आजी आहे तोवरच नातीला कळेल.